नाव स्पिटफायरचं, गाडी हेराल्ड : साडेनऊ लाखांना पडलेली फसवणूक

जालन्यातल्या एका बियाणे व्यापाऱ्याने साडेनऊ लाख रुपये मोजून एक लाल, उघड्या टपाची, दोनदारी गाडी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'ट्रायम्फ स्पिटफायर आहे, 1967ची, अख्ख्या मराठवाड्यात दुसरी सापडणार नाही.' स्पिटफायर म्हणजे ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीची दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी. चार महिन्यांनी कळलं की ती मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ट्रायम्फच्याच हेराल्ड या घरगुती गाडीची भारतीय आवृत्ती आहे. टप काढून टाकलेला, मागची सीट पत्र्याने झाकलेली, पुढचं बॉनेट फायबरचं करून घेतलेलं आणि वर ट्रायम्फचा बिल्ला लावलेला. असे व्यवहार आता संभाजीनगर, नांदेड, लातूरपर्यंत होतात, आणि घेणारा बहुतेक वेळा हौसेपोटी कष्टाचा पैसा घालतो. म्हणून हा प्रकार नेमका कुठे कुठे पकडता आला असता ते सविस्तर लिहीत आहोत.

घेणारा बेसावध नव्हता. सोबत ओळखीचा मेकॅनिक नेला होता. त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, 'साहेब, खालची गाडी ट्रायम्फचीच आहे.' तो खोटं बोलला नाही. स्पिटफायर मुळात हेराल्डचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून बनवलेली गाडी. पुढचं सस्पेन्शन, आडवा मागचा पाटा (स्प्रिंग), पुढच्या बाजूला अख्खं उलटणारं बॉनेट, सगळी रचना एकाच घराण्यातली. सुटे भाग पाहून या दोन गाड्या वेगळ्या ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. मोजपट्टीला मात्र जमतं.

हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, साडेएक्याण्णव इंच आहे. स्पिटफायरचा 83 इंच. फरक साडेआठ इंचांचा, एका वितीएवढा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा. गवंड्याचा ओळंबा पुढच्या चाकाच्या मध्यावर धरून जमिनीवर खडूने खूण करा, तशीच मागच्या चाकाला करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग दुसऱ्या बाजूनेही मोजा. दोन्ही बाजूंत सेंटिमीटरभराचा फरक निघाला तर चासी वाकलेली आहे किंवा सस्पेन्शनला मार बसलेला आहे. जालन्याच्या गाडीला एका बाजूने 91 इंच आणि दुसऱ्या बाजूने साडेएक्याण्णव इंच आले. या दोन आकड्यांत गाडीचं खरं नावही कळलं आणि तिला बसलेला जुना मारही. मोजणीला दहा मिनिटं लागली, पण ती पैसे गेल्यावर झाली.

दुसरा पुरावा बॉनेटखाली होता. आपल्याकडच्या हेराल्डला 948 सीसीचं इंजिन आणि एकच सोलेक्स बनावटीचा कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारा भाग). स्पिटफायर 1962 साली आली ती 1147 सीसीची, 1967पासून 1296ची, आणि तिला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर. या गाडीला एकच होता. विचारल्यावर उत्तर मिळालं, 'एक काढून ठेवलाय, अ‍ॅव्हरेजसाठी.' दोन कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्डच, म्हणजे त्यांना इंजिनाशी जोडणारी नळीच, वेगळी असते, एक काढून दुसऱ्यावर गाडी चालवता येत नाही. आरसी बुकात तर 948 आणि हेराल्ड असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यावर म्हणे 'त्या काळी आरटीओत असंच लिहून टाकायचे.' कागद आणि विकणाऱ्याचं तोंड यांत फरक पडला तर कागदावर विश्वास ठेवा. आणि कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. नंबराची पट्टी नवीन रिव्हेटने बसवलेली दिसली, आजूबाजूचा रंग खरवडलेला दिसला, की व्यवहार तिथेच थांबवावा.

हेराल्डचा टप बोल्टांवर बसतो, म्हणून तो काढणं सोपं. पण कंपनीने जी उघडी हेराल्ड बनवली तिला खालून जास्तीचा जोर दिलेला होता. नुसता टप काढला की गाडी मधोमध बसायला लागते. हे दारांच्या फटीत दिसतं. या गाडीत दाराच्या मागच्या कडेला खाली बोट जाईल एवढी फट होती आणि वर दोन रुपयांचं नाणंही शिरत नव्हतं. रंग इतका चकचकीत होता की तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणखी पारख करायची तर दार उघडं ठेवून पुढच्या बाजूने जॅक लावा, चाक जमिनीपासून सुटलं की दार हळू बंद करून बघा. अडकलं, तर कणा गेलेला आहे.

दलाल मंडळी मराठवाड्यात एक वाक्य हमखास टाकतात, 'कोरड्या हवेतली गाडी आहे, गंजाचं नाव नाही.' आपली हवा कोरडी आहे हे खरं. पण गाडी इथे किती वर्षं आहे? या गाडीचे पहिले दोन मालक समुद्रकाठच्या जिल्ह्यातले होते, तिसऱ्या मालकाने ती इकडे आणली. हे आरसीवरच्या ट्रान्सफरच्या नोंदींत लिहिलेलं होतं, वाचलं नाही इतकंच. गंज चासीच्या मधल्या कण्यातून बाहेर निघालेल्या आडव्या हातांना आणि मागे डिफरेन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) बैठकीपाशी आधी धरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आत पोकळ. गाडीच्या पोटाला नुकताच काळा डांबरी रंग फासलेला असेल तर तो खरवडायला परवानगी मागा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. वरच्या पत्र्यासाठी लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फायबरच्या बॉनेटला तो कुठेच धरणार नाही, आणि खऱ्या गाडीचं बॉनेट लोखंडी पत्र्याचं असतं.

जिवाशी गाठ असलेली गोष्ट पुढच्या चाकांत आहे. चाकाचा उभा दांडा खाली ब्राँझच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे बिजागरीसारख्या ठोकळ्यात, आट्यांवर फिरतो. त्यात 90 नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. आपल्याकडे गॅरेजवाले सवयीने ग्रीस मारतात. ग्रीस आट्यांत पोचत नाही, पाणी मुरतं, आटे झिजतात, आणि एक दिवस वळणावर दांडा तुटून चाक आत दुमडतं. चाक वर उचलून टायर वर-खाली धरून हलवा, आणि ट्रनियनभोवती तेलाचा ओलावा आहे की वाळलेलं ग्रीस आहे ते बघा. हे काम न करता हायवेला गाडी काढू नका.

इंजिनाची एकच तपासणी सांगतो, कारण बाकीच्या कुठल्याही जुन्या गाडीसारख्याच आहेत. गाडी बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली बघा. पुली पुढे सरकलेली डोळ्याला ठळक दिसली तर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेले आहेत. ते निसटून पडले की क्रँक ब्लॉकलाच घासते, आणि मग खर्च इंजिनाचा राहत नाही, दुसरं इंजिन शोधण्याचा होतो. या गाडीची पुली सरकत होती. आणि बघायला गेल्यावर इंजिन आधीच गरम केलेलं असेल तर त्या दिवशी सौदा बोलू नका, थंड गाडी सुरू करून दाखवायला लावा.

आता भाव. विकणाऱ्याने जाहिरातींतल्या मागण्यांचे फोटो दाखवून 'बारा लाखांची गाडी साडेनऊला देतोय' असं सांगितलं होतं. मागणी म्हणजे भाव नव्हे. खरोखर झालेले दोन-तीन व्यवहार शोधावे लागतात, आणि तेही त्याच गाडीचे, तशाच नावाच्या दुसऱ्या गाडीचे नव्हेत. पुढे चौकशी केली तेव्हा पूर्ण, चालती, कागद साफ असलेली हेराल्ड साडेचार लाखांच्या आसपास गेल्याची उदाहरणं मिळाली. त्यातून गॅरेजकडून लेखी घेतलेला खर्च वजा केला : टप आणि बॉडीचा जोर दीड लाख, चासीचे हात 40 हजार, ट्रनियनसह पुढचं काम 20 हजार, क्रँक आणि वॉशर 55 हजार, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या 30 हजार. बेरीज 2 लाख 95 हजार. जुन्या गाडीत उघडल्यावर आणखी निघतंच, म्हणून त्यावर पाव हिस्सा वाढवायचा, म्हणजे 3 लाख 68 हजार 750. उरले 81 हजार 250 रुपये. साडेनऊ लाखांच्या जागी ही त्या गाडीची किंमत.

'50 वर्षांवरची आहे, व्हिंटेज नंबर मिळेल, मग भाव दुप्पट' हे आमिषही दाखवलं होतं. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. कापलेली हेराल्ड तिथे नापास. शिवाय त्या नंबरावर रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच. साध्या नोंदणीवर ठेवायची म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, मूळ बनावटीत केलेला फेरफार आरटीओ मान्य करत नाही. जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्याचं काम, विकणाऱ्यानेच, त्याच्या नावावर असतानाच करून द्यावं. 'घ्या, मग करू' म्हणून घेतलेली गाडी वर्षभर नावावर चढत नाही.

जालन्याच्या व्यवहारात सहा लाख रोख दिले गेले आणि इसार पावतीवर फक्त 'लाल रंगाची जुनी कार' एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे तक्रार करायला गेल्यावर 'स्पिटफायर म्हणून विकली' हे दाखवायला हातात काही राहिलं नाही. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण दोन्हीकडे पहिला प्रश्न लेखी काय आहे हाच असतो. म्हणून इसार थोडा द्या, खात्यातून द्या आणि पावतीवर हे शब्द विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्या : 'कंपनी अमुक, मॉडेल अमुक, साल अमुक, चासी नंबर अमुक, इंजिन नंबर अमुक, सीसी अमुक. बॉडी व चासीत फेरफार केलेला नाही. यांतली एकही गोष्ट खोटी निघाल्यास पूर्ण रक्कम परत करीन.' खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार.