एसीचा वायफाय कंट्रोलर : यंत्र धडधाकट, ॲप बंद

फोंड्याच्या घरी आईच्या खोलीत लावलेला एसी कंट्रोलर, म्हणजे फोनवरच्या ॲपने एसी चालवायचं छोटं यंत्र, आता नुसता भिंतीला चिकटून आहे. कंपनीने सर्व्हर बंद केला, ॲपमध्ये लॉगिनच होत नाही. यंत्राला काहीही झालेलं नाही. दिवा लागतो, सेन्सर शाबूत आहे, एसीला इशारा देणारा इन्फ्रारेडही शाबूत आहे.

बाकीची वैशिष्ट्यं सगळ्यांना ठाऊक आहेत. मी लिहितोय ते दमटपणाबद्दल. गोव्यात एसी गारव्याइतकाच हवा कोरडी करायला लागतो. जून लागला की चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी चढते, दारं फुगून चौकटीत अडकतात, अंथरूण ओलसर लागतं. या कंट्रोलरला आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की एसी 'ड्राय'वर टाकायचा नियम लावता यायचा. ड्रायमध्ये पंखा मंद फिरतो, कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो; ओल जाते आणि खोली फारशी गारठत नाही. आईला गार वारा सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात ती रात्रभर शांत झोपली, याहून मोठी पावती मला नको.

बिलही उतरलं. आधी ओल घालवायला आम्ही २२ वर एसी चालवायचो, नंतर २६ पुरायला लागलं. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

पण तो नियम यंत्रात नव्हताच, सर्व्हरवर होता. सेन्सर भिंतीवर, एसी समोरच्या भिंतीवर, आणि दोघांमधला निरोप मात्र इंटरनेटवरून फिरून यायचा. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, वॉरंटी यंत्राची आहे, ॲपची नाही. नव्या मॉडेलवर सवलत देऊ. चांगलं चालणारं यंत्र फेकायला मी पैसे का मोजू?

गूगलनेही आपल्या नेस्ट ब्रँडच्या २०११ आणि २०१२ च्या थर्मोस्टॅटांचा, म्हणजे घरातलं तापमान सांभाळणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रांचा, सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्यावरही लोक चिडले, आणि बरोबरच होतं. तरी ते थर्मोस्टॅट तेरा-चौदा वर्षं ॲपवर चालले आणि आजही हाताने फिरवून तापमान बदलता येतं. माझ्या यंत्रावर एक बटणसुद्धा नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'स्मार्ट काही घेऊच नका' असं म्हणणार होतो. ते मत आता बदललं आहे. भाच्याने काही शे रुपयांत ईएसपी बोर्ड (वायफाय असलेलं छोटं सर्किट), आर्द्रतेचा सेन्सर आणि इन्फ्रारेड एलईडी जोडून ईएसपीहोम या मोफत सॉफ्टवेअरवर तोच ७० टक्क्यांचा नियम बसवून दिला. नियम बोर्डातच आहे. नेट गेलं तरी ड्राय लागतो. वायरी लोंबकळतात, डबी अजून मिळायची आहे, पण काम चोख आहे. म्हणजे कल्पना उत्तमच होती, कंपनीने ती सर्व्हरला बांधून वाया घालवली.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या घरगुती उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडे खोक्यावर उत्पादनाची तारीख असते, सपोर्ट संपायची नसते. ती छापायला लावा, एवढीच मागणी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीत लिहिली आहे. तोवर असं काही घेणार असाल तर दुकानदाराला इंटरनेट बंद करून नियम चालवून दाखवायला सांगा, आणि नाही चालला तर घेऊ नका.