लोरा सेन्सरचे सोळा महिने: रेडिओ पास, अ‍ॅप काठावर

गेल्याच्या गेल्या वर्षी गोडी (फळासाठीच्या) छाटणीच्या तोंडावर द्राक्षाच्या दोन प्लॉटमध्ये ओलाव्याचे चार सेन्सर रोवले. गच्चीवरचा गेटवे, म्हणजे सेन्सरचे निरोप पकडून इंटरनेटवर टाकणारी पेटी, धरून ५२ हजार गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाहेरचा डबा बदलतो, आतला रेडिओ बहुतेकांचा लोराचाच, म्हणजे थोड्या बॅटरीवर लांबवर छोटे निरोप पोचवणारा.

खालचा प्लॉट घरापासून पावणेदोन किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. तिथे बांधावर उभं राहिलं तर मोबाइलला एक कांडी येते. दर सेन्सरला सिम घालायचं म्हणजे चार रिचार्ज आणि बॅटरीचा खेळ वेगळाच. लोराला सिम लागत नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे. इंटरनेट लागतं ते फक्त गच्चीवर.

सेन्सर वीस मिनिटं झोपतो, उठून चार आकडे सांगतो, की पुन्हा गुडूप. बोलतोही इतका सावकाश की त्यावरून फोटो पाठवायचा विचारच नको. पण शीळ चढवत न्यावी तसा त्याचा सिग्नल असतो, आणि गोंगाटाच्या खाली दबला तरी गेटवे तो ओळखतो. वरचा प्लॉट एसएफ ७ वर बोलतो, खालचा एसएफ १० वर; हा आकडा वाढला की बोलणं सावकाश, पण पोच लांब. लांबच्याला तोच निरोप द्यायला सहापट वेळ लागतो, म्हणजे त्याचा सेल आधी संपणार. अजून एकही बदललेला नाही. अ‍ॅपमध्ये ३.६ व्होल्ट दिसतात, त्यावर मात्र जाऊ नका. हे लिथियमचे सेल शेवटपर्यंत तेवढंच दाखवतात आणि मग एकदम झोपतात.

पहिला घोटाळा नोव्हेंबरात झाला. छाटणीनंतर मांडव उघडा होता तेव्हा सगळं झकास चाललं. काडी वाढली, पानांनी मांडव भरला आणि खालच्या प्लॉटचे निरोप गळायला लागले. ओल्या पानांतून सिग्नल मार खातो, त्यात कंपनीच्या माणसाने सेन्सरचा अँटेना लोखंडी अँगलला चिकटवून बांधलेला. दहा फुटी पीव्हीसी पाइप घेतला, अँटेना पानांच्या वर काढला, त्याच संध्याकाळी निरोप नीट यायला लागले. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं.

दुसरा घोटाळा मोठा. डिसेंबरात एका सकाळी अ‍ॅप म्हणालं, ओलावा १९ टक्के, पाणी द्या. मी व्हॉल्व्ह उघडायला निघालो. आमच्या नानांनी ड्रीपरजवळची वीतभर खोल माती काढली, मुठीत दाबली आणि गोळा माझ्या हातावर टेकवला. "हा फुटतोय का बघ. वाफसा आहे अजून, पुरेशी ओल आहे. तुझ्या मोबाइलला तहान लागली असेल." सेन्सर उकरला तर काळ्या मातीला भेग पडून दांड्याच्या एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट. तो हवेचाच ओलावा मोजत होता. मातीचा पातळ गारा करून दांडे पुन्हा बसवले, दोन पाण्यांनंतर आकडा ३६ वर स्थिरावला. काळी जमीन असेल तर दर महिन्याला एकदा उकरून बघाच.

वीज गेली की गेटवे बंद, आणि तेवढ्या वेळातले आकडे कायमचे गेले, कारण हे सेन्सर काही साठवून ठेवत नाहीत. राउटरचा छोटा यूपीएस लावल्यापासून तो त्रास मिटला.

मोबाइलवरून पाणी बंद-चालू करणारा बॅटरीवरचा लोरा व्हॉल्व्हही घेऊन पाहिला, परत केला. तो स्वतः बोलल्यावर दोन क्षणच कान उघडे ठेवतो. मी "बंद" म्हटलं ते त्याला पुढच्या फेरीला, वीस मिनिटांनी कळलं. तोवर सरीत पाणी.

खरा राग अ‍ॅपचा आहे. वर्ष संपल्यावर ६ हजारांचं नूतनीकरण निघालं, आणि गेटवे त्यांच्याच सर्व्हरला बांधलेला. पुतण्याने तो आमच्या सर्व्हरवर वळवायचा प्रयत्न केला, पासवर्ड मागितला, तर "पॉलिसीत बसत नाही". पैसे मी मोजले, गच्ची माझी, आकडे माझ्या मातीचे! शेवटी भरले सहा हजार, हंगाम तोंडावर होता.

येत्या खरड (उन्हाळी) छाटणीला तिसऱ्या प्लॉटसाठी दोन सेन्सर घ्यायचेत. या वेळी दुकानदाराला पहिला प्रश्न गेटवेच्या पासवर्डचा, किमतीचं नंतर बोलू.