पोलिसातल्या व्हिसलब्लोअरला मिळणारं सरकारी संरक्षण: ५ पैकी २ स्टार, तेही कायदा छान लिहिलाय म्हणून

व्हिसलब्लोअर म्हणजे आपल्याच खात्यातला गैरप्रकार उघड करणारा, आणि त्याला मिळणाऱ्या संरक्षणाला मी इथे सर्व्हिस म्हणतोय. या सर्व्हिसचे रिव्ह्यू फारसे कुठे दिसत नाहीत कारण बहुतेकांना ती कधी लागतच नाही, पण ज्या पोलिसाला लागते त्याची नोकरी, पेन्शन, अब्रू सगळं तिच्यावरच असतं. खात्यात काय चाललंय ते बिनधास्त सांगा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं जवळपास सगळीच सरकारं सांगतात. ज्यांनी खरंच वापरली त्यांचं काय झालं ते बघून मग स्टार द्यावेत असं मला वाटतं.

न्यूयॉर्कचा पोलीस एड्रियन स्कूलक्राफ्ट घ्या. ठाण्यात वरून आकड्यांचं प्रेशर, गुन्हे कमी दाखवायचे, तक्रारी घ्यायच्याच नाहीत, हे सगळं त्याने गुपचूप रेकॉर्ड केलं आणि खात्यातच तक्रार केली. ३१ ऑक्टोबर २००९ ला बरं नाही म्हणून ड्युटीवरून लवकर घरी गेला तर साहेब लोक घरात शिरले आणि त्याला उचलून मानसोपचार वॉर्डात टाकलं, सहा दिवस. नंतर खात्याच्याच चौकशीत निघालं की आकड्यांबद्दल तो बोलत होता ते खरं होतं. २०१५ मध्ये शहराने ६ लाख डॉलरवर तडजोड केली. आता यात गंमत बघा, पैसे शहराच्या तिजोरीतून गेले म्हणजे लोकांच्या टॅक्समधून, ज्यांनी त्याला उचललं त्यांच्या खिशातून नाही, मग पुढच्या साहेबाने घाबरायचं कशाला?

आयर्लंडचा सार्जंट मॉरिस मॅकेब, त्याची केस तर अजून वाईट. ट्रॅफिकचे पेनल्टी पॉइंट्स (नियम मोडल्यावर लायसन्सवर चढणारे गुण) ओळखीपाळखीवर रद्द होतायत हे त्याने काढलं, तर जानेवारी २०१४ मध्ये पोलीस कमिशनरने संसदेच्या समितीसमोर असल्या व्हिसलब्लोअर लोकांचं वागणं किळसवाणं म्हटलं. शिवाय बालसंरक्षण खात्याच्या फाइलमध्ये त्याच्या नावावर एक भयंकर खोटा आरोप चढला, कारण काय तर दुसऱ्या केसमधला मजकूर चुकून चिकटवला गेला! २०१८ ला न्यायाधीशांच्या ट्रायब्युनलने सांगितलं की माणूस सच्चा आहे आणि त्याच कमिशनरने त्याची बदनामी चालवली होती. तोवर किती वर्षं गेली.

दोन्हीकडे पॅटर्न सेम आहे, तक्रारीची चौकशी बाजूला आणि तक्रार करणाऱ्याचीच चौकशी सुरू. याचं डोकं ठिकाणावर आहे का, याचं चारित्र्य कसं आहे, रजा किती घेतल्या, जुनं काही निघतंय का. पोलीस खात्यात हे जास्त सोपं जातं कारण चौकशी करणं हाच त्यांचा धंदा, माणसं हाताशी, फाइली हाताशी. त्यामुळे तक्रार घेणारं ऑफिस खात्याच्या बाहेरच हवं, आणि तक्रार आल्या दिवसापासून त्या माणसाची बदली, मेडिकल, सस्पेन्शन यातलं काहीही बाहेरच्या मंजुरीशिवाय व्हायला नको. माझ्या मते हे एक फीचर टाकलं तरी अर्धी सर्व्हिस सुधारेल.

चांगलं पण सांगतो. युरोपियन युनियनचा २०१९ चा नियम वाचायला मस्त आहे, सात दिवसांत पोच, साधारण तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि तक्रारीनंतर त्रास झाला तर तो सूड नव्हता हे मालकाने सिद्ध करायचं, कर्मचाऱ्याने नाही. हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे कारण सूड कोणी लेखी घेत नाही. आपल्याकडे भारतात व्हिसलब्लोअर कायदा २०१४ मध्ये संसदेने पास केला, राष्ट्रपतींची सही झाली आणि तो लागू करायचंच राहिलंय, म्हणजे बॉक्स आला पण आत प्रॉडक्ट नाही.

डिलिव्हरीबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेतल्या बफेलो शहराची पोलीस कॅरिओल हॉर्न, २००६ मध्ये बेड्या घातलेल्या माणसाचा गळा आवळणाऱ्या सहकाऱ्याला तिने अडवलं, २००८ मध्ये तिलाच काढलं, पेन्शनला थोडाच काळ बाकी असताना. कोर्टाने पेन्शन परत दिली २०२१ मध्ये. मधल्या काळात घर कसं चालवायचं याचं उत्तर सर्व्हिसकडे नाही, खरं तर केस चालू असेपर्यंत पगार आणि वकिलाचा खर्च सरकारनेच द्यायला पाहिजे, भरपाई नंतर बघू.

घ्यावी का ही सर्व्हिस? दुसरा पर्याय नसेल तर घ्या, पण एकट्या तिच्या भरवशावर नको. तक्रार द्यायच्या आधी खात्याबाहेरचा वकील गाठा, तारीखवार नोंदी ठेवा, पुराव्याची कॉपी कायद्यात बसेल अशा दुसऱ्या जागी ठेवा. स्कूलक्राफ्टच्या घरातून त्या रात्री एक रेकॉर्डर काढून घेतला होता, दुसरा चालू होता म्हणून घरात काय झालं ते जगाला ऐकायला मिळालं. नियम कागदावर आहेत त्याचे दोन स्टार, तिसरा मी सूड घेणाऱ्या साहेबाच्या पगारातून भरपाई कापली जाईल त्या दिवशी देईन.