एक वीट बसवायची: साधा माल की झटपट मसाला?

गच्चीच्या कठड्यातली वीट हलायला लागली की प्रश्न पडतो: सिमेंट-वाळूचा माल कालवायचा, की लगेच घट्ट होणारा तयार मसाला आणायचा?

साधा माल स्वस्त, आणि चुका पोटात घालणारा. एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कालवा. वीट वाकडी बसली तरी थापीच्या दांड्याने ठोकून सरळ करायला वेळ मिळतो. नेहमीचं सिमेंट घट्ट व्हायला लागायला किमान 30 मिनिटं घेतंच. पण पुढे आठवडाभर पाणी मारणार कोण?

झटपट मसाल्यात ती सवड नाही. काही प्रकार 3 ते 5 मिनिटांत दगड होतात. जागा घासून, ओली करून झाली की मगच कालवायचा, तोही मूठभर. मी पहिल्यांदा अर्धं घमेलं कालवलं; निम्मा घमेल्यातच थिजला, छिन्नीने काढावा लागला. आणि आळायला लागल्यावर वरून पाणी ओतून तो सैल करू नका, ताकद जाते.

पाइपाभोवतीची फट, चौकटीचा निसटलेला होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी), टाकीचं झिरपणारं भोक (पाण्यात धरणारा प्रकार बघून घ्या) इथे झटपटच. हातभर प्लास्टर असेल तर साधा. वाड्याच्या जुन्या चुन्याच्या भिंतीला मात्र दोन्ही नकोत, तिथे चुनाच.