गणपतीला गावी जाताना मांजर सांभाळायला ठेवलेल्या ताई : एक अनुभव

गणपतीसाठी रत्नागिरीला सहा दिवस जायचे असल्याने आमच्या नऊ वर्षांच्या मांजरीसाठी, मुलुंडच्या घरी दिवसातून दोनदा येणाऱ्या एका ताईंची सेवा आम्ही प्रथमच घेतली. मांजर माणसांइतकीच जागेलाही धरून असते आणि अनोळखी ठिकाणी ती अनेकदा अन्न सोडते. दोन-तीन दिवस काहीच न खाल्ल्यास तिच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून बोर्डिंगचा, म्हणजे तिला पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी ठेवण्याचा विचार आम्ही सोडून दिला होता.

निघण्यापूर्वी ताई स्वतः येऊन तासभर बसल्या, लसीकरणाचे कार्ड व डॉक्टरांचा नंबर टिपून घेतला आणि फुलदाणीतली लिली मांजरांना विषारी असते म्हणून ती तेव्हाच बाहेर काढायला लावली, जे आम्हाला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. रोजच्या फोटोंत केवळ मांजर नव्हे, तर रिकामी वाटी आणि तिच्या शी-शूसाठी माती भरलेला डबाही असे. मांजरीने खाल्ले का आणि लघवी केली का, हे त्यावरूनच कळते.

तक्रार एकच. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असल्याने संध्याकाळची फेरी रात्री अकराला झाली आणि तसे आम्हाला आधी कळवले गेले नाही. एका फेरीचे ४०० रुपये मला थोडे जास्त वाटले. घरची किल्ली परक्या हाती देताना आईंचा जीव मात्र शेवटपर्यंत टांगणीला लागला होता. दिवाळीसाठीही आम्ही त्यांनाच सांगून ठेवले आहे.