मागच्या पायाला बूट की पट्टा?

स्लालम स्की, म्हणजे बोटीमागे पाण्यावर घसरताना दोन्ही पाय जिच्यावर एकामागे एक ठेवायचे ती एकच फळी, घेताना एक मित्र इथेच अडला. पुढच्या पायाला बूट हवाच, प्रश्न मागच्याचा: तिथेही बूट, की पाय नुसता आत सरकवायचा पट्टा.

पाण्यातून उठणं पट्ट्यात सोपं. मागचा पाय मोकळा ठेवून पाण्यात सुकाणूसारखा ओढायचा, उभं राहिलं की आत सरकवायचा. दोन्ही बुटांत ही सोय नाही, नवख्याची सुरुवातीला बरीच दमछाक होते. खर्चही पट्ट्याचाच कमी.

पकडीत मात्र बूट सरस. सहा बॉयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या), 259 मीटरच्या कोर्सवर वळताना टाच उचलली जात नाही, स्की पायाशी एकजीव राहते. अर्थात पट्ट्यावरही उत्तम खेळणारे आहेत, तेव्हा हा मुद्दा फार ताणू नये.

खरा विचार पडण्याचा करा. दोन बुटांतला एक सुटला आणि दुसरा अडकला, तर घोटा पिळवटतो. सुटले तर दोन्ही एकदम सुटावेत. पट्ट्यात मागचा पाय चटकन निसटतो, म्हणून पुढचा बूटही सहज सुटेल इतपतच आवळावा. तो घट्ट बांधणं ही नेहमीची चूक.

शिकणाऱ्याने किंवा अधूनमधून खेळणाऱ्याने पट्टा घ्यावा. नियमित कोर्स मारणाऱ्याने, स्थिर पकड हवी असेल तर, दोन बूट.