आंबा टिकवायचा अर्क घेतला आणि 60 पेट्या गेल्या

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. अकरा वर्षं मी पुण्यातल्या ओळखीच्या घरांना थेट पेट्या पाठवतोय.

यंदा एप्रिलमध्ये एक तरुण बागेत आला. बॅगेतून दोन आंबे काढून ओट्यावर ठेवले. एक सुरकुतलेला, करपा या बुरशीच्या रोगाच्या काळ्या डागांनी भरलेला, दुसरा टवटवीत. "दोन्ही एकाच दिवशी उतरवलेत, काका. 22 दिवस झाले. ह्याला फक्त आमच्या अर्कात बुडवलंय. कडुलिंब, तुळस, कोरफड. केमिकल अजिबात नाही."

मला पटलं, कारण ती गोष्ट सगळीच खोटी नव्हती. कोरफडीचा गर, लवंग-दालचिनीचं तेल वापरून फळं टिकवण्याचे प्रयोग खरोखर झालेत. पाच लिटरचे चार कॅन घेतले. 18,400 रुपये, त्याच्या खासगी नंबरवर. "उद्यापासून रेट वाढतोय" म्हणाला, तेव्हाच थांबायला हवं होतं. बिल म्हणून वहीतला कागद.

60 पेट्यांचा माल बुडवून, सुकवून पाठवला. नवव्या दिवशी पुण्याहून एका ताईंचा फोन आला. "दादा, आंबा हिरवाच आहे, पण दारूसारखा वास येतोय."

घरी ठेवलेली पेटी उघडली, पेंढा बाजूला केला. फळ हिरवंगार, चकचकीत, हाताला चिकट. देठाशी बोट टेकवलं तर आत गेलं. कापल्यावर कोयीभोवतीचा गर पाणचट, करडा.

झाडावरून उतरवल्यावरही आंबा श्वास घेत असतो. लेप जाड झाला की हवा कोंडते आणि गर आतल्या आत आंबतो. कर्प्याचं तर मूळच वेगळं. ती बुरशी झाडावरच कोवळ्या फळाच्या सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकताना उमटते. वरून काही चोपडून ती मरेलच असं नाही. म्हणून तर जाणकार 52 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं आंबा बुडवायला सांगतात. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी त्याच्या बॅगेतल्या आंब्यावर विश्वास ठेवला. ते फळ चार दिवसांपूर्वी उतरवलेलं असतं तरी मला काय कळणार होतं?

कॅनवर पानांचं चित्र आणि '100 टक्के हर्बल'. घटकांचं प्रमाण, बॅच नंबर, परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता, काहीच नाही. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न पक्क्या बिलाचा. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

असा कुणी आला तर त्याचे आंबे बघूच नका. आपल्याच झाडाचे दोन डझन घ्या, एक डझन बुडवा, एक तसाच ठेवा, खूण करून एकाच आढीत लावा. पुरते पिकू द्या आणि कापून खा. नुसत्या सालीवरून ठरवू नका. तेवढे दिवस थांबायला तो तयार नसेल तर त्याला बागेबाहेर काढा.

पैसे मी सगळ्यांना परत केले. सात घरांनी त्यानंतर पेटी मागवलेली नाही. उरलेला दीड कॅन मांगरात तसाच ठेवलाय. पांढरा कॅन, हिरवं झाकण, आणि स्टिकर सोलला की खाली दुसरा, अर्धवट खरवडलेला स्टिकर. तुमच्याकडे आलेला कॅन असाच असेल तर आधी तो स्टिकर सोलून बघा.